सुजेचा हिशेब

माझं मोठं आतडं जून २०२४ मध्ये काढलं. त्यात कॅन्सर होता हे कळलं ते काढलेलं आतडं पॅथॉलॉजीत चिरून बघितल्यावर. संमतीच्या कागदावर सही केली तेव्हा फाइलमध्ये 'कॅन्सर' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. होती ती वर्षानुवर्षांची सूज, आणि दोन ठिकाणच्या बायोप्सीत बिघडलेल्या पेशी. तेवढ्यावर दीड मीटर आतडं कायमचं द्यायला तू तयार कशी झालीस, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे सविस्तर.

आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावरच उठते, गुदाशयापासून सूज सुरू होते आणि वर सरकत जाते. माझी सूज पार उजवीकडे, लहान आतडं येऊन मिळतं तिथपर्यंत पोचलेली होती. 'आपल्याकडे हा आजार नसतो, हे साहेब लोकांचं दुखणं' असं मला एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थांनीही ऐकवलं. पंजाबात लुधियान्याच्या डॉक्टरांनी लोकांमध्ये जाऊन केलेली पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत लाखामागे ४४ जणांना हा आजार सापडला होता. साहेब लोक तिथेही नव्हते.

माझी सुरुवात २००८ मध्ये आवेने झाली. आव पडणं ही आमच्याकडे काही बातमी नव्हे. सासूबाईंनी कुटजारिष्ट दिलं, बेलाचा मुरंबा दिला, शेजारच्या काकूंनी भाकरी सोडून मऊ भात खायला सांगितलं. मग रक्त दिसायला लागलं. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी अमिबाच्या गोळ्या दिल्या, त्यांनी भागेना तेव्हा मूळव्याध म्हणून मलम दिलं. यात वर्ष सरलं आणि हिमोग्लोबिन आठवर आलं.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅश काउंटरला आहे. कॅशियरच्या केबिनला आतून कडी असते. उठायचं तर ड्रॉवरला कुलूप घाला, किल्ली कमरेला लावा, केबिन बाहेरून बंद करा, रांगेतल्या लोकांना 'आलेच हं' म्हणा. संध्याकाळी पिग्मीवाले भरणा घेऊन येतात तेव्हा तर मान वर करायला फुरसत नसते. या आजारातली घाई एवढा वेळ देत नाही. मी दुपारचा डबा खाणं सोडलं. पुण्याला जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पोटात काही घ्यायची नाही. सातारा-पुणे रस्त्यावर कुठल्या पेट्रोलपंपावरचं बायकांचं टॉयलेट खरोखर उघडं असतं, हे मला तोंडपाठ होतं. यांच्या मित्रमंडळींत त्या माहितीला फार मागणी होती.

२००९ मध्ये पुण्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून तपासणी झाली आणि आजाराला नाव मिळालं. मेसालामाइनच्या गोळ्या सुरू झाल्या, सूज उसळली की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. स्टेरॉइडने तोंड गोल होतं आणि गाल वर येतात. त्या काळात मला भेटेल तो 'वहिनी, तब्येत सुधारली हं' म्हणायचा. पुढे स्टेरॉइड सुटावं म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन दिलं, त्यापायी ठरावीक दिवसांनी पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. ही वर्षं मी पटापट ओलांडते. बहुतेक कोलायटिसवाल्यांची ती सारखीच असतात.

निदान झाल्यावर दोनतीन वर्षांनी डॉक्टरांनी पहिल्यांदा विषय काढला: 'लक्षणं सुरू होऊन आठ वर्षं झाली की तुमची कोलोनोस्कोपी वेगळ्या कारणासाठी करायची.' जुन्या कोलायटिसमध्ये आतड्याचा कॅन्सर होतो ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक होऊन शंभर वर्षं झाली आहेत. क्रोन आणि रोझेनबर्ग या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी असा रुग्ण १९२५ मध्ये नोंदवला होता. २००१ मध्ये ११६ अभ्यास एकत्र करून एक आकडा निघाला, तो बरीच वर्षं सगळ्यांच्या तोंडी होता: दहा वर्षांनी शंभरातल्या २ जणांना, वीस वर्षांनी ८ जणांना, तीस वर्षांनी १८ जणांना. नंतरच्या अभ्यासांत हे प्रमाण बरंच खाली आलं, कारण औषधं सुधारली आणि तपासण्या वेळेवर व्हायला लागल्या. मी मात्र मनात १८ धरून बसले होते. पैसे मोजणाऱ्या माणसाचं लक्ष सगळ्यात मोठ्या आकड्यावर आधी जातं.

२०१६ ची तपासणी स्वच्छ निघाली. २०१८ चीही. 'स्वच्छ' म्हणजे बिघडलेल्या पेशी नाहीत. रिपोर्टच्या खालच्या ओळीत 'सौम्य सक्रिय सूज' असं दोन्ही वेळा लिहिलेलं होतं. मला काही होत नव्हतं. रक्त नाही, घाई नाही, वजन भरलेलं. सौम्य म्हणजे सौम्य, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. २०२० ची तपासणी कोविडमुळे पुढे गेली आणि २०२१ मध्ये सूज पुन्हा उसळली. तोवर टोफासिटिनिबची गोळी भारतीय कंपन्यांची, परवडेल अशा किमतीत मिळायला लागली होती. तिने रक्त लवकर थांबलं, पण काही महिन्यांनी डाव्या बरगडीखाली नागीण उठली. या गोळीचा तो माहितीतला त्रास आहे. नागिणीची दोन टोकं जुळली तर माणूस जातो म्हणतात, म्हणून सासूबाई रोज सकाळी चष्मा लावून टोकं कुठवर आली ते बघायच्या. गोळी बंद झाली.

नोव्हेंबर २०२३ च्या तपासणीआधी पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, 'ताई, आजवरचे सगळे बायोप्सी रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून आणा.' त्यांना काय माहीत हे काम ते कोणाला सांगताहेत! मी सगळे काढून हॉलमध्ये फरशीवर मांडले. २०१२ चा सापडेना, तो लॅबच्या जुन्या रजिस्टरवरून काढून आणला. ओपीडीत डॉक्टरांनी ते हातात घेतले आणि माझ्याच लिफाफ्याच्या पाठीवर आकडे मांडायला सुरुवात केली. सूज नाही तर ०, सौम्य तर १, मध्यम तर २, तीव्र तर ३. दोन तपासण्यांमधली सरासरी घ्यायची आणि मधल्या वर्षांनी गुणायची. २००९ ला ३, २०१२ ला २, म्हणजे सरासरी अडीच गुणिले तीन वर्षं, साडेसात. २०१२ ते २०१६, दोनवरून एकवर, दीड गुणिले चार, सहा. २०१६ ते २०१८ एकच एक, म्हणून दोन. २०१८ ते २०२१, एकवरून दोनवर, साडेचार. तिथून पुढे दोन वर्षं मध्यमच धरली, चार. बेरीज त्यांच्या आधी मी केली: २४.

हा हिशेब लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांचा. त्यांनी ९८७ रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या बायोप्सी अशाच मांडल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं की, ही बेरीज दर दहाने वाढली की पेशी बिघडण्याचा धोका दुपटीहून थोडा जास्त होतो. दहा भरायला सौम्य सूज दहा वर्षं लागते, मध्यम पाच, तीव्र साडेतीनच्याही आत. डॉक्टरांनी लगेच बजावलं की हा हजारभर लोकांवरून निघालेला अंदाज आहे, त्यावरून एका माणसाचं भविष्य काढायचं नसतं. ते खरंच आहे. पण माझ्या डोक्यात इतकी वर्षं जे उलटं बसलं होतं ते त्या लिफाफ्याने सुलटं केलं. मी प्रत्येक तपासणीचा निकाल त्या दिवसापुरता बघत आले होते: यंदा सौम्य, म्हणजे बरं चाललंय. प्रत्यक्षात तो थकलेल्या कर्जाच्या खात्यातला एक हप्ता होता. एका महिन्याचं व्याज कमी लागलं म्हणून मागची थकबाकी फिटत नाही, हे मी लोकांना काउंटरवर रोज सांगते.

सुजेतून कॅन्सर कसा होतो, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं. गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मनीतल्या रुडॉल्फ व्हिर्चोव यांनी १८६३ मध्येच पाहिलं होतं, पण त्यांचं तिथे काय चालतं ते कळायला विसावं शतक संपत आलं. सुजलेल्या जागी जमलेल्या या पेशी जंतू मारायला ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात. जंतू असोत नसोत, त्यांचा मारा अस्तरावर होतो आणि आपल्याच पेशींचा डीएनए दुखावतो. अस्तर सोलवटलं की ते भरून काढायला उरलेल्या पेशी भराभर वाढतात आणि दुखावलेला डीएनए पुढच्या पेशींत तसाच उतरतो. त्यात टीएनएफ, आयएल-६ अशी सुजेची रसायनं त्या पेशींना मरूही देत नाहीत. ज्यांना कोलायटिस नाही त्यांच्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा मोड येऊन, म्हणजे पॉलिप होऊन, मग वाढतो. तिथे एपीसी नावाचं जनुक आधी बिघडतं आणि पी-५३ शेवटाकडे. सुजेतून होणाऱ्या कॅन्सरमध्ये क्रम बराचसा उलटा. पेशीला थांबवणारं पी-५३ सुरुवातीलाच जातं, एपीसी मागाहून. म्हणून इथे पॉलिप होईलच असं नाही. बिघडलेलं अस्तर सपाट राहू शकतं, डोळ्यांना दिसत नाही, आणि एकाच वेळी चार ठिकाणी असू शकतं, कारण सूज सगळीकडे होती.

सपाट असतं म्हणूनच निळ्या रंगाची कोलोनोस्कोपी. आदल्या दिवशी पेज आणि गाळलेलं सूप, मग ती पावडर घातलेलं पाणी. चव खारट-गुळमट, दोन लिटर. माझी युक्ती अशी की माठातलं गार पाणी वापरायचं आणि जिभेवर लिंबाची फोड धरून प्यायचं, वास येत नाही. तपासणीच्या वेळी झोपेचं इंजेक्शन होतं, तरी मधे मला जाग आली आणि पडद्यावर माझंच आतडं दिसलं. डॉक्टर नळीतून मिथिलीन ब्लू फवारत मागे मागे येत होते. निळा रंग निरोगी अस्तराच्या पेशी शोषून घेतात आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा बारीक खाचांचा पोत उठून येतो. बऱ्याच भागात खाचा गोल, एकसारख्या दिसत होत्या. डावीकडे खालच्या वळणावर एका जागी त्या लांबट, वेड्यावाकड्या झाल्या होत्या आणि रंगही धड धरत नव्हता. जागेला कड अशी नव्हती. ती कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे डॉक्टरांनाही बोट ठेवून सांगता येईना. त्यांनी तिथून तुकडे घेतले, बाकीच्या आतड्यातूनही ठरावीक अंतरावर घेतले. पुढचे दोन दिवस लघवी हिरवट व्हायची. आधी सांगून ठेवलेलं असलं तरी पहिल्यांदा दचकायला होतंच.

पहिला रिपोर्ट अधांतरी आला. पेशी बिघडल्या आहेत की सुजेतून भरून येताना तशा दिसताहेत, हे नक्की सांगता येत नाही, असं पॅथॉलॉजीच्या मॅडमनी लिहिलं. हा शेरा टाळाटाळीचा नसतो. भरून येणाऱ्या अस्तराच्या पेशी मोठ्या, गडद आणि घाईत असतात, आणि कॅन्सरकडे निघालेल्याही तशाच. म्हणून आधी सूज उतरवायची आणि मग पुन्हा बघायचं. मला इन्फ्लिक्सिमॅब द्यायचं ठरलं. ते टीएनएफला बांधून ठेवतं. ते देण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी झाली, कारण शरीरात कुठे टीबी दबून बसला असेल तर हे औषध त्याला मोकळं करतं. आपल्याकडे ही पायरी कोणी गाळू देऊ नये. ड्रिपचे पहिले तीन डोस झाले. नोव्हेंबरात माझ्या शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे सूज दाखवणारं प्रथिन, ६४० होतं, ते ११० वर आलं. पन्नासच्या आत असेल तर सूज नाही म्हणतात, अडीचशेच्या वर असेल तर आहेच.

मार्च २०२४ मध्ये पुन्हा निळी तपासणी. सूज उतरली होती आणि त्यामुळे चित्र स्पष्ट झालं: खालच्या वळणावर आणि आडव्या आतड्यात, दोन्हीकडे उच्च दर्जाचा डिसप्लेझिया, म्हणजे कॅन्सरकडे निघालेल्या बिघडलेल्या पेशी. उच्च दर्जा म्हणजे चांगला नव्हे, हे मला घरी तीन माणसांना समजावून सांगावं लागलं. आडव्या आतड्यातली जागा तर निळ्या रंगातही दिसली नव्हती, ठरावीक अंतरावर घेतलेल्या तुकड्यात सापडली.

असा रिपोर्ट दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने बघितल्याशिवाय आतडं काढायचं नसतं. लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक्स घेतले. ब्लॉक म्हणजे आगपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, तीत पांढऱ्या मेणात बसवलेला माझ्या आतड्याचा मिरीएवढा तुकडा. लॅबवाल्याने सांगितलं, उन्हात बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडेल. म्हणून मी ते पर्समध्ये रुमालात गुंडाळून मांडीवर घेऊन परळला, टाटा हॉस्पिटलला गेले. तिथलं उत्तरही तेच आलं.

आता प्रश्न होता, एवढ्याशा जागांसाठी सगळं आतडं कशाला? हे फार शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, 'दर तीन महिन्यांनी बघत राहिलो तर?' डॉक्टरांनी आधी मान्य केलं की हल्ली दिसणारी, कड असलेली जागा दुर्बिणीतूनच खरवडून काढतात आणि आतडं वाचवतात. माझ्या एका जागेला कड नव्हती आणि दुसरी दिसतच नव्हती. जे दिसत नाही त्याच्यावर नजर कशी ठेवणार? शिवाय दोन जागा सापडल्या म्हणजे अस्तर दोनच ठिकाणी बिघडलंय असं नव्हे, आपण दोन ठिकाणी पकडलंय एवढंच. मग त्यांनी १९९४ मधला एक जुना अभ्यास सांगितला. कोलायटिसमध्ये उच्च दर्जाचा डिसप्लेझिया सापडल्यावर ज्यांचं आतडं लगेच काढलं, त्यांच्यातल्या ४२ टक्के लोकांत आत आधीच कॅन्सर बसलेला निघाला. त्या वेळच्या दुर्बिणी आजच्याइतक्या चांगल्या नव्हत्या, आज प्रमाण तेवढं नसेल, हेही तेच म्हणाले. परत येताना खंबाटकीच्या घाटापर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. मग हे म्हणाले, 'काढून टाकू.' मी सहीचा विचार त्या लिफाफ्यावरच केला होता, पण घरच्या माणसाने म्हणणं वेगळं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टोमा नर्स आल्या. आतडं आणि गुदाशय काढून लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची पिशवी शिवतात आणि ती खाली जोडतात. हा पाऊच. जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचा एक वेढा पोटावर बाहेर काढून ठेवतात, तो स्टोमा, आणि त्यावर चिकटवायची बॅग. स्टोमाची जागा आधी मार्करने पोटावर आखतात. सिस्टर म्हणाल्या, 'काकू, घरी काय नेसता?' साडी म्हटल्यावर त्यांनी मला परकर बांधून उभं केलं, बसवलं, वाकायला लावलं, पोटाला कुठे घडी पडते ते बघितलं. डॉक्टरी पुस्तकातली जागा आणि परकराची नाडी नेमकी एकावर एक येत होती. त्यांनी खूण दोन बोटं खाली घेतली. 'नाडी बॅगवर आली की बॅग सुटते, मग बाई घराबाहेर पडत नाही,' एवढंच म्हणाल्या. सहा तासांच्या ऑपरेशनपेक्षा या दहा मिनिटांनी माझे पुढचे महिने सोपे केले, असं माझं मत आहे.

ऑपरेशनबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही, मी भुलीत होते. दुर्बिणीतून झालं, तिसऱ्या दिवशी चालवलं.

पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट घेऊन सर्जन मॅडम स्वतः खाटेपाशी आल्या. आडव्या आतड्यातल्या त्या न दिसणाऱ्या जागेजवळ पाच मिलिमीटरचा कॅन्सर होता, अस्तर ओलांडून खालच्या थरात नुकताच शिरलेला. तपासलेल्या सगळ्या लसिका ग्रंथी स्वच्छ होत्या. पहिला टप्पा, केमो नको. मला तेव्हा रडू आलं नाही, मी मॅडमना पाच मिलिमीटर म्हणजे बोटावर केवढं ते दाखवायला सांगितलं. त्यांनी करंगळीच्या नखाच्या निम्मं दाखवलं. यांना मात्र बाहेर बाकावर बसावं लागलं.

स्टोमाचे महिने म्हणजे मीठ-पाण्याचा हिशेब. मोठं आतडं पाणी शोषून घेतं, ते नाही तर सगळं पातळ बाहेर पडतं. एकदा चक्कर येऊन ओट्याशी बसले, तेव्हापासून ओआरएसची बाटली हाताशी. भात, केळं, ताक-भात, साबुदाण्याची पेज यांनी घट्ट होतं. मका आणि ओलं खोबरं अडकतं. बीट खाल्लं की बॅग लाल होते, आणि ते आधी कोणी सांगितलं नसेल तर रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन जातो. बॅगेबद्दल घरात बोलायची सोय नसेल त्यांनी मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाच्या लोकांशी बोलावं. स्वतः बॅग लावणारा माणूस जे सांगतो ते डॉक्टर सांगू शकत नाही. पाऊचमध्ये औषध सोडून एक्स-रे काढला, गळती नाही बघितलं, आणि स्टोमा बंद झाला.

सगळं आटोपलं असं वाटत असताना पुढच्या वर्षी घाई परत सुरू झाली, ताप, पोटात कळ. आतडं गेलं होतं, सूज गेली नव्हती. पाऊचलाच सूज येते, तिला पाऊचायटिस म्हणतात, आणि कोलायटिससाठी पाऊच केलेल्या जवळपास निम्म्या लोकांना ती कधी ना कधी होते. लहान आतड्याच्या ज्या भागाला कधी काही झालं नव्हतं, त्याला कोठाराचं काम दिलं, तिथे जंतू साठले आणि शरीर पुन्हा अस्तरावर उठलं. दोन आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिनवर उतरली. दिवसातून पाचसहा वेळा जावं लागतं ते राहिलंच, पण ती घाई नाही. ड्रॉवरला कुलूप घालून, 'आलेच हं' म्हणून जाण्याइतका वेळ मिळतो.

घरचे आणि बाहेरचे दोन सल्ले सतत देतात, त्यांचं मी डॉक्टरांना विचारून घेतलं. पहिला हळदीचा. कर्क्युमिन मेसालामाइनच्या जोडीला दिल्यावर कोलायटिसची सूज उतरायला मदत झाली, असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. जोडीला, बदल्यात नव्हे. आणि दुधात चिमूटभर टाकून तेवढं कर्क्युमिन पोटात जात नाही.

दुसरा ॲस्पिरिनचा, तो दादाने पेपरात वाचला होता. यात तथ्य आहे. ॲस्पिरिन सुजेची एक साखळी तोडतं. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या चाचणीचे निकाल २०२५ मध्ये आले. आतड्याचा कॅन्सर काढल्यावर ज्यांच्या गाठीत पीआयके३ या साखळीतल्या जनुकांचे ठरावीक बिघाड होते, त्यांना रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षं दिलं, तर कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. दादा लगेच मेडिकलमध्ये जायला निघाला होता. पण त्या चाचणीतले मोठ्या आतड्याचे रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचे होते, माझा टप्पा पहिला. माझ्या गाठीची ती जनुकं तपासलेली नाहीत. आणि याच कुळातल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असल्या वेदनाशामकांनी कोलायटिस उसळू शकतो, पाऊचलाही त्या मानवत नाहीत. सूज कमी करणारी गोळी माझ्या आतड्याला सूज आणू शकते, हे दादाला पटवायला गणपतीचे दोन दिवस गेले. गुडघा दुखला तर मी पॅरासिटामॉल घेते.

दादाने आणि माझ्या मुलीने काय करायचं, हेही विचारलं. रक्ताच्या जवळच्या नात्यात कोलायटिस होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून आव-रक्त दिसलं तर मुरंब्यात वेळ घालवायचा नाही, सरळ तपासणी. माझ्या बाबतीत गुदाशयाचा खालचा सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर भाग जोडासाठी ठेवलेला आहे. तिथे जुनं अस्तर आहे, म्हणजे जुनी थकबाकीही आहे. म्हणून दरवर्षी पाऊचमध्ये दुर्बीण घालून तेवढ्या पट्टीतून तुकडे घेतात. पुढची तपासणी मार्चअखेरीच्या आधी बसवली आहे, कारण मार्चअखेरीला कॅशियरला रजा मिळत नाही. ती दोन लिटरची पावडर आता लागत नाही, एनिमावर भागतं.